अ‍ॅड्रिनलची गाठ: ऑपरेशननंतरचा आणि ऑपरेशनविना चालणारा फॉलोअप

मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली." आम्ही त्याच संध्याकाळी पेढे वाटले. चार महिन्यांनी तिला ताप आला, दोनदा उलटी झाली आणि पहाटे ती बोलता बोलता गप्प झाली. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं तेव्हा बीपी ८०-५० होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सलाइन सुरू केलं आणि जुलाब-उलट्यांचं औषध लिहायला घेतलं. तेवढ्यात मावसबहिणीने पर्समधून लॅमिनेट केलेलं एक कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं: डावी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेली आहे, रुग्ण हायड्रोकॉर्टिसोनवर आहे, अशा वेळी १०० मि.ग्रॅ.चं इंजेक्शन लगेच द्यावं. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, इंजेक्शन दिलं. उजाडेपर्यंत मावशी उठून बसली आणि चहा मागू लागली.

ते कार्ड नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. पण या गाठीत फॉलोअप म्हणजे काय, हे त्या पहाटे घरातल्या सगळ्यांना कळलं. गाठ किती सेंटिमीटरची होती हे प्रत्येक जण विचारतो. पुढचं वेळापत्रक मात्र बरंचसं ती कोणतं हार्मोन बनवत होती यावर ठरतं.

आधी आपली गाठ कोणती, ते शोधा

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या असतात. बाहेरच्या सालीत कॉर्टिसोल, अल्डोस्टेरॉन आणि थोडी पुरुषी हार्मोन्स बनतात, आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलीन आणि त्याची भावंडं. गाठ सालीतली की गाभ्यातली, हार्मोन बनवणारी की मुकी, साधी की कॅन्सरची, या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्या फाइलमध्ये असायला हवीत. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'अ‍ॅड्रिनल मास, ऑपरेटेड' असं असेल तर ते पुरेसं नाही. डॉक्टरांकडून पूर्ण निदान लिहून घ्या.

फाइलमध्ये ऑपरेशनआधीचे हार्मोनचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट ठेवा. सीटी स्कॅनचा नुसता कागद ठेवू नका, सीडीही जपा. पुढच्या वेळी रेडिओलॉजिस्टला जुनी चित्रं नव्या चित्रांशेजारी ठेवून बघायची असतात आणि सेंटर काही वर्षांनी जुना डेटा काढून टाकू शकतं. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवले तर उत्तम.

गाठ काढलीच नाही, 'बघू' म्हणाले, तर

हा गट सर्वात मोठा. मुतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी सीटी काढला आणि अ‍ॅड्रिनलवर २ सें.मी.ची गाठ दिसली, अशी ही मंडळी. यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि काही करत नाहीत. घाबरून पंधरा दिवसांनी पुन्हा स्कॅन काढायचं काही कारण नसतं.

रिपोर्टमध्ये 'एचयू' (हाउन्सफिल्ड युनिट, गाठ सीटीवर किती घट्ट दिसते त्याचं माप) हा आकडा शोधा. तो डाय न देता काढलेल्या सीटीवरचा हवा. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ असते. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा गाठीचा पुन्हा स्कॅन काढायची गरजच नसते. आकडा ११ ते २० आणि आकार ४ सें.मी.च्या आत असेल तर लगेच आणखी एखादी तपासणी होते किंवा वर्षाने पुन्हा स्कॅन. आकडा २० च्या वर असेल, गाठ ठिपक्याठिपक्यांची दिसत असेल किंवा आकडा १० च्या वर असून गाठ ४ सें.मी.हून मोठी असेल, तर एका डॉक्टरवर सोडू नका. एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. पुन्हा काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ २० टक्क्यांहून जास्त आणि किमान ५ मि.मी.ने वाढलेली दिसली तर ऑपरेशनचा विचार होतो. एक-दोन मि.मी.चा फरक मोजमापातलाही असू शकतो, त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

एकदा तरी करायचीच अशी चाचणी म्हणजे डेक्सामेथासोनची. रात्री ११ वाजता १ मि.ग्रॅ.ची मात्रा घ्यायची, बहुधा अर्ध्या मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्या. सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं. कॉर्टिसोल १.८ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे कॉर्टिसोलचे आकडेही याच मापात) च्या खाली गेलं तर गाठ मुकी. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हा आकडा खोटा वाढतो. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्यांमुळे डेक्सामेथासोन लवकर उडून जातं. तेव्हा रक्त देण्याआधी डॉक्टरांना सगळी औषधं सांगा. बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिनचीही तपासणी करतात, आणि एचयू १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिनची, म्हणजे गाभ्यातल्या हार्मोन्सपासून बनणाऱ्या पदार्थांची. पहिल्या खेपेला सगळं नॉर्मल असेल आणि नवी लक्षणं नसतील, तर दरवर्षी हेच रिपोर्ट पुन्हा करण्यात अर्थ नाही.

कॉर्टिसोल किंचितच जास्त निघालं तर वर्षातून एकदा बीपी, साखर, वजन आणि हाडांचा आढावा घ्यायचा. गाठ बघायची नाही, गाठीने शरीराचं काय केलं ते बघायचं.

दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण यात चुका होतात. मेटानेफ्रिनची तपासणी झाल्याशिवाय अ‍ॅड्रिनलच्या गाठीची सुईने बायोप्सी करू देऊ नका. ती फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे गाभ्यातली हार्मोन बनवणारी गाठ, निघाली तर सुईच्या टोकाने बीपी जीवघेणं चढू शकतं. आणि दोन्ही बाजूंना गाठी असतील तर आपल्याकडे टीबी आणि हिस्टोप्लास्मोसिससारखा बुरशीचा संसर्गही डोक्यात ठेवावा लागतो. तिथे हार्मोन जास्त नसून कमी पडत असतं.

कॉर्टिसोलची गाठ काढल्यानंतर

गाठीने महिनोन्महिने भरमसाट कॉर्टिसोल ओतलेलं असतं. त्यामुळे मेंदूतून येणारा एसीटीएचचा संदेश बंद पडतो आणि दुसरी, निरोगी ग्रंथी झोपी जाते. गाठ निघाली की शरीरात कॉर्टिसोल जवळजवळ उरतच नाही. म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसोलच्याच, गोळ्या सुरू करतात. झोपलेली ग्रंथी जागी व्हायला कुणाला सहा महिने लागतात, कुणाला दोन-अडीच वर्षं.

नेहमीचा डोस दिवसाला १५ ते २५ मि.ग्रॅ.च्या घरात असतो, दोन-तीन वेळा विभागून: उठल्याबरोबर सर्वात मोठा, दुपारी थोडा, शेवटचा संध्याकाळच्या आत. रात्री घेतला तर झोप येत नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचा, या लेखातला नाही. काहींना दिवसातून एकदा प्रेडनिसोलोन देतात, तेही चालतं.

आता नातेवाईक. "स्टिरॉइड वाईट असतं, कधी सुटणार?" हा प्रश्न दर भेटीत येतो, आणि एखादा काका नुसता विचारून थांबत नाही, अर्धी गोळी कमी करायला लावतो. त्यांना एवढंच सांगा की शरीराने रोज बनवायचा असतो तेवढाच डोस हा आहे. ही गोळी आपल्या मनाने बंद करणं म्हणजे इन्सुलिनवरच्या माणसाचं इन्सुलिन काढून घेणं.

पहिले काही महिने तब्येत बरी वाटत नाही, उलट खालावल्यासारखी वाटते. सांधे दुखतात, अंग गळून जातं, त्वचेचे पापुद्रे निघतात, मन खचतं. मावशी म्हणाली होती, "ऑपरेशनआधी मी जास्त बरी होते." जास्तीच्या कॉर्टिसोलची सवय सुटण्याचा हा त्रास आहे. डोस पुरेसा असूनही तो होतो. डॉक्टरांना सांगा, ते कधी कधी काही आठवडे डोस थोडा वाढवून मग हळूहळू उतरवतात.

दुसरीकडे बीपी आणि शुगर भराभर उतरते. ऑपरेशनआधीच्याच गोळ्या किंवा इन्सुलिन तसंच चालू ठेवलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. पहिल्या महिन्यात दोन्ही घरी रोज मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही नेहमीपेक्षा जास्त असतो. एकाच पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका. हाडांची डेक्सा तपासणी एकदा करून घ्या, व्हिटॅमिन डी बघा. मांड्यांची ताकद यायला सर्वात जास्त वेळ लागतो. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, हे दर महिन्याला करून बघा. हा मोजायचा साधा आणि फुकटचा मार्ग.

आजारपणातला डोस मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. आमच्या फ्रिजवर तो असा चिकटवलेला आहे:

ताप १००.४ च्या वर: डोस दुप्पट. १०२ च्या वर: तिप्पट. ताप उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. मग पुन्हा नेहमीचा.
गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, किंवा जुलाब-उलट्या थांबत नाहीत: वाट बघायची नाही. १०० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन मांडीत, मग दवाखाना.
दात काढणं, एंडोस्कोपी, कोणतंही ऑपरेशन: आधी सांगायचं. डॉक्टर वेगळा डोस देतात.

इंजेक्शनची कुपी पावडरची असते. इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधल्या तिसऱ्या भागात द्यायचं. दवाखान्यातल्या नर्सकडून एकदा शिकून घ्या आणि मुदत संपलेली कुपी फेकण्याआधी तिच्यावर सराव करा: फोडायची, मिसळायची, सिरिंजमध्ये ओढायची, टोचायची मात्र नाही. आमच्या मावसबहिणीचा हात पहिल्यांदा इतका थरथरत होता की अर्धं औषध ओट्यावर सांडलं. दुसऱ्यांदा जमलं. घरात कुणालाच जमत नसेल तर १०८ ला फोन लावताना पहिल्याच वाक्यात 'अ‍ॅड्रिनल क्रायसिस, हायड्रोकॉर्टिसोन लागेल' असं सांगा. नुसतं 'अशक्तपणा आलाय' म्हणू नका.

अ‍ॅड्रिनल क्रायसिस, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल अचानक कमी पडण्याची आणीबाणी, ओळखायची कशी? उलट्या, पोटात कळ, बीपी खाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि शेवटी असंबद्ध बोलणं किंवा गुंगी. मे महिन्यात विदर्भात ऊन लागल्याचीही अशीच लक्षणं असतात, त्यामुळे घोटाळा होतो. शंका असेल तर इंजेक्शन द्या. एका इंजेक्शनने नुकसान होत नाही, न दिल्याने होतं.

उपवासाचंही बोलून घेऊ, कारण आमच्याकडे यावर भांडण झालं. एकादशी करायची असेल तर करा, पण गोळी आणि पाणी सुटता कामा नये. निर्जळी उपवास ग्रंथी जागी होईपर्यंत नको.

ग्रंथी जागी झाली का, हे सकाळी ८ च्या कॉर्टिसोलवरून कळतं. हायड्रोकॉर्टिसोनचा आदल्या दिवसाचा शेवटचा डोस टाळायचा आणि त्या सकाळचा डोस रक्त दिल्यावरच घ्यायचा, किंवा डॉक्टर सांगतील तसं. गोळी खाऊन रक्त दिलं तर रिपोर्टमध्ये गोळीच मोजली जाते. ढोबळमानाने आकडा ५ च्या खाली असेल तर गोळ्या चालू, १० च्या वर गेला तर सोडायचा विचार, मधला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा किंवा एसीटीएच देऊन चाचणी. गोळ्या सुटल्या तरी पुढचं वर्षभर मोठ्या आजारपणात डॉक्टरांना विचारा, कार्ड जवळ ठेवा.

दोन्ही ग्रंथी काढल्या असतील तर हायड्रोकॉर्टिसोन जन्मभर, आणि सोबत मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही.

अल्डोस्टेरॉनची गाठ

जेरोम कॉन यांनी १९५५ साली वर्णन केलेला हा आजार. बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. ऑपरेशननंतर उलटा प्रश्न येतो: दुसरी ग्रंथी झोपलेली असल्याने पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून पोटॅशियमचं सिरप आणि स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) ऑपरेशननंतर लगेच थांबवतात. पहिले चार आठवडे दर आठवड्याला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर लगेच घाबरू नका. वाढलेल्या अल्डोस्टेरॉनमुळे किडनी जादा गाळत होती, तो पडदा आता दूर झाला. पण ते डॉक्टरांना दाखवा.

'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ या काळात घरात ठेवू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. शहाळ्यावर शहाळी पिणंही थांबवा. पहिले काही आठवडे जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवायला सांगतात. वर्षानुवर्षं मीठ तोडलेल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते.

बीपीच्या गोळ्या पूर्ण सुटतीलच, ही अपेक्षा ठेवू नका. २०१७ साली आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ९४ टक्के रुग्णांचे हार्मोन-पोटॅशियमचे आकडे पूर्ण सुधारले होते, पण बीपीच्या औषधांतून पूर्ण सुटका फक्त ३७ टक्क्यांची झाली. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या गोळ्या कमी झाल्या, हाही मोठा फायदा. सहा महिन्यांनी आणि वर्षाने अल्डोस्टेरॉन-रेनिन पुन्हा बघतात, मग वर्षातून एकदा बीपी आणि किडनी. ऑपरेशन न करता गोळ्यांवर ठेवलं असेल तर पोटॅशियमची तपासणी चालूच राहते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत दुखायला लागलं तर सहन करत बसू नका, इप्लेरेनोन हा पर्याय आहे.

फिओक्रोमोसायटोमा

धडधड, घाम, डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि बीपीची उडी. ऑपरेशननंतर दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन तपासून सगळं निघालं का ते बघतात. मग दरवर्षी, किमान १० वर्षं. वय लहान असेल, गाठ मोठी असेल किंवा जनुकीय दोष सापडला असेल तर जन्मभर. बीपी नॉर्मल आहे म्हणून चाचणी टाळू नका. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो, आणि बीपी कळवेल तेव्हा उशीर झालेला असतो.

रक्त देताना २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहावं लागतं. लॅबवाल्याने घाईत खुर्चीत बसवून रक्त काढलं तर आकडा खोटा वाढतो आणि घरभर रडारड होते. आधी फोन करून विचारा: "झोपवून घेता का?" चोवीस तासांची लघवी द्यायची असेल तर सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीही कॅनमध्येच. कॅनमध्ये अ‍ॅसिड असतं, हातावर उडू देऊ नका. सर्दीच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या झोपेच्या किंवा मज्जातंतूंच्या गोळ्या, आणि काही लॅबच्या पद्धतीत पॅरासिटामॉलही निकाल बिघडवतं. काय, किती दिवस आधी थांबवायचं हे डॉक्टरांना विचारा.

यात अनेकांना सांगायला विसरलं जातं ते म्हणजे जनुकीय तपासणी. साधारण तिघांपैकी एका रुग्णात दोष आनुवंशिक असतो: एसडीएचबी, व्हीएचएल, आरईटी, एनएफ१ ही नेहमीची नावं. एसडीएचबी निघाला तर गाठ इतरत्र पसरण्याचा धोका वाढतो, म्हणून स्कॅनही ठरावीक काळाने लागतो. आरईटी निघाला तर मुलांच्या थायरॉइडचं बघावं लागतं. "मुलांना काही सांगायचं नाही" असं घरात ठरतं, पण इथे न सांगणं महाग पडतं. भाऊ, बहीण, मुलं यांना सांगाच.

कॅन्सरची गाठ

अ‍ॅड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा विरळा आहे: वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसरा. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी, मग पुढची तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी. गाठ हार्मोन बनवत असेल तर तेही प्रत्येक वेळी तपासायचं. स्कॅनच्या आधी कधी कधी तेच बोलतं.

अनेकांना माइटोटेन देतात. हे औषध डीडीटीच्या घराण्यातलं आहे, ऐकून दचकायला होतं. रक्तातली पातळी १४ ते २० मि.ग्रॅ. प्रति लिटर यांच्या मध्ये हवी. खाली असेल तर उपयोग कमी, वर गेली तर तोल जातो, जीभ जड होते, विसर पडतो. ते चरबीत साठतं, त्यामुळे पातळी चढायला आठवडे-महिने लागतात आणि बंद केल्यावरही महिनोन्महिने शरीरात राहतं. दूध किंवा तूप-तेलाच्या जेवणासोबत घ्यायचं. निरोगी ग्रंथीही ते बंद पाडतं आणि हायड्रोकॉर्टिसोन लवकर उडवतं, म्हणून गोळ्यांचा डोस नेहमीपेक्षा मोठा लागतो, आणि वर सांगितलेला आजारपणातला डोस इथेही तसाच लागू. बीपी, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा परिणामही कमी होतो. नवी गोळी सुरू करताना डॉक्टरांना 'माइटोटेन चालू आहे' हे तीन शब्द सांगा. औषध चालू असताना, आणि नंतर पातळी पूर्ण उतरेपर्यंत, गर्भधारणा होऊ देऊ नका.

कुठे, किती वेळा, किती खर्च

तालुक्याच्या गावात या आजाराचे रुग्ण डॉक्टरांनी एखाद-दोन पाहिलेले असतात, यात त्यांचा दोष नाही. आराखडा एकदा मोठ्या ठिकाणी करून घ्या. परळला केईएमचा एंडोक्रिनॉलॉजी विभाग आहे, कॅन्सरसाठी तिथूनच जवळ टाटा मेमोरियल. मग साध्या तपासण्या गावात करून रिपोर्ट पाठवा. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

मावशीचा सकाळचा कॉर्टिसोल एकोणीस महिन्यांनी ११ च्या वर आला. गोळ्या सुटल्या. कार्ड मात्र अजून पर्समध्येच आहे, शेजारी कुपी आणि सिरिंज. कुपीची मुदत मार्चमध्ये संपते. मावसबहिणीने फोनवर फेब्रुवारीचा गजर लावून ठेवला आहे.